वैतागाचा कातळ

रेवा "बरं" म्हणाली होती, आणि त्या एका "बरं"नं वृंदाची पाच दिवस झोप उडवली होती.

झालं होतं ते एवढंच. मंगळवारी सकाळी ऑफिसचा कॉल चालू असताना साडेचार वर्षांच्या रेवानं मुंगीला गुडघे असतात का, हे अकराव्यांदा विचारलं, आणि वृंदा म्हणाली, "रेवा, वैताग आलाय मला तुझा." मोठ्यानं नाही. मोठ्यानं असतं तर परवडलं असतं, असं तिला नंतर वाटलं. ओरडणं मुलं विसरतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. हे ती नीट, थंड आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली होती. संध्याकाळी पालकत्वावरच्या लेखात सांगितल्याप्रमाणे तिनं गुडघ्यांवर बसून, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन रीतसर माफी मागितली. रेवानं ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिनं आईला एकही प्रश्न विचारला नव्हता. पाणी हवं असलं तर बाबाकडे जायची. चपलेचा पट्टा लागला नाही तर तशीच फरफटत चालायची, पण "आई, हे कसं लावायचं?" नाही. दिवसाला शंभर प्रश्न विचारणारं पोर गप्प झालं होतं आणि वृंदाला घरातल्या फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला होता. तिनं शब्दकोश काढून पाहिला. वैताग: उद्वेग, त्रास, जीव नकोसा होणे. 'जीव नकोसा होणे' वाचून तिनं कोश मिटून ठेवला. वीस वर्षांनी हा शब्द एखाद्या समुपदेशकासमोर रेवाच्या तोंडून बाहेर येणार, आणि तो वहीत 'आई' असं लिहून खाली रेघ मारणार, इथपर्यंत तिचा विचार जाऊन पोचला होता.

शनिवारी ते तिघं वेळूशेतला आले. घाटाच्या कुशीतलं चाळीसेक उंबऱ्यांचं गाव. नवरा रविवारी उजाडतानाच मित्रांबरोबर किल्ल्यावर गेला आणि मायलेकी ज्यांच्याकडे उतरल्या होत्या, त्या गंगाराम बांबळ्यांच्या ओट्यावर बसून राहिल्या. रेवा कोंबडीच्या पिलांमागे होती. पिलांशी ती बोलत होती, हे वृंदानं लगेच टिपलं.

गावाच्या डोक्यावर, शेवटच्या घरापासून दोनशे पावलांवर एक काळा, सपाट कातळ आहे. भाद्रपदात तिथं दगडादगडाला शेवाळ असतं. कौलांवर शेवाळ, दगडी कुंपणाच्या गडग्यावर शेवाळ, जरा जास्त वेळ उभं राहिलं तर माणसावरही धरेल असं वाटतं. पण त्या कातळाच्या मधोमध चार-पाच माणसं दाटीनं बसतील एवढी जागा कोरडी ठक्क असते. तिथं शेवाळ धरत नाही, पाणी साचत नाही. त्याच्यावरून गावातलं प्रत्येक अंगण दिसतं आणि प्रत्येक अंगणातून तो दिसतो. त्या सकाळी त्याच्यावर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी गावाकडे तोंड करून बसली होती.

आत गंगारामबाबांची भांड्यांशी झटापट चालली होती. बऱ्याच वेळानं ते दोन कप घेऊन बाहेर आले. चहा फाटला होता.

"साखरेचा डबा घावला न्हाई," ते म्हणाले. "मंग गूळ टाकला. दूध फाटतं, ते टाकल्यावर आठावलं."

"असू दे बाबा. आजी कुठं गेल्यात? त्यांना विचारू या ना."

"ती काय." त्यांनी हनुवटीनं वर कातळाकडे दाखवलं. "फुला आज वैतागाला बसलीया. आता तिला हाक मारायची न्हाई. मंग डबा सापडंना का."

वृंदानं कप ओट्यावर ठेवला. पाच दिवस जो शब्द तिच्या घशात अडकला होता, तो या माणसानं बाजाराला गेलीया म्हणावं तसा सहज उच्चारला होता. तिला एकदम उठावंसं वाटलं. "मी जरा चक्कर मारून येते," ती म्हणाली.

"विस्तव न्यायला आल्यावानी करू नका, ताई. बसा," बाबा म्हणाले. "आता विस्तवाचं नावच काढलं, तर कातळाचं सांगतो. ते सांगितल्याबिगर पावण्याला गावाबाहेर सोडत न्हाईत आमच्यात."

आणि कपातला फाटका चहा निर्धारानं पीत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

फार पूर्वी, असं सांगतात, काडेपेटी नव्हती तेव्हाची गोष्ट. चकमक होती, पण या दरीत पावसाचे चार महिने हवाच ओली. कापूस पेटत नाही, गवत धुराशिवाय काही देत नाही. म्हणून गावानं एका घराला विस्तवाचा मान दिला होता. त्या घरची चूल कधी विझायची नाही. गाव वसवायला आलेल्या पहिल्या माणसांनी तो विस्तव देवाच्या धुनीतून खापरात घालून आणला, असं मानत. तोच शंभर वर्षं, हाताहातानं, सासूकडून सुनेकडे येत राहिला होता.

येसू त्या घरची सून. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं तिच्या हाती फुंकणी दिली आणि स्वतः चुलीपासून उठली. सासूनं चाळीस पावसाळे विस्तव राखला होता. उठताना तिचे गुडघे वाजले ते बाहेर ओट्यावर ऐकू गेले, म्हणे. मान मोठा होता. गावजेवणात पहिलं पान त्या घरच्या बाईचं, होळीला पहिला नारळ तिच्या हातचा. फक्त तिनं चूल सोडून जायचं नव्हतं. येसूचं माहेर ओढ्यापलीकडच्या उतारावर होतं. दारातून घर दिसायचं, वाळत घातलेली धुणी दिसायची. तिची आई वारली तेव्हा पावसाची झड लागली होती आणि विस्तव नुसता धुमसत होता. येसू दाराच्या चौकटीला धरून, समोरच्या उताराकडे तोंड करून रडली आणि पुन्हा फुंकायला बसली.

कोंबडं आरवलं की खापऱ्या घेऊन माणसं यायची. येसू, विस्तव दे. दुपारी पुन्हा यायची. कुणाची चूल पोरानं विझवली, कुणाची छपराच्या गळतीनं. येसू, विस्तव दे. आणि नुसता घेऊन गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण घेणारा माणूस काही बोलल्याशिवाय जातो थोडाच. आज निखारा बारीक दिलास. तुझ्या सासूच्या हातचा दिवस मावळेपर्यंत टिकायचा. चुलीपुढची राख कधी काढलीस? येसू चिडली, तर मानाच्या बाईनं चिडू नये, असं म्हणत. रडली, तर चुलीपुढं टिपं गाळू नयेत म्हणत. गप्प राहिली, तर हिला मानाचा गर्व झाला म्हणत.

"आणि तिचा नवरा?" वृंदानं विचारलं.

"व्हता की. गरीब माणूस. तो पण विस्तवच मागायचा, चिलमीला."

तिला ठकी नावाची वर्षा-सव्वा वर्षाची मुलगी होती. रांगत चुलीकडे यायची, म्हणून येसू तिच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधून ती खांबाला अडकवून ठेवायची. ठकी तिथून दिवसभर सगळं बघायची. पोरगी अजून एक अक्षर बोलत नव्हती आणि येसूच्या जिवाला त्याचा घोर लागला होता. शेजारणी म्हणायच्या, पहिला शब्द 'आई' निघतो, निघेल आज ना उद्या. येसू चूल फुंकता फुंकता तिच्याकडे बघून हळूच म्हणायची, म्हण, आई. आ-ई.

एका श्रावणातल्या सकाळी दारात सात-आठ माणसं खापऱ्या घेऊन उभी होती. ठकीला कुठूनशी एक फुटकी खापरी सापडली होती. ती खांबाला धरून उभी राहिली, चिंधी ताणली, खापरी आईपुढे धरली आणि पहिला शब्द बोलली.

"इत्तव दे."

दारातली माणसं खळखळून हसली. मानाच्या घरची लेक शोभते, म्हणाली. कुणी कौतुकानं तिची अलाबला घेतली. येसू हसली नाही. ती लेकीकडे बघत राहिली, मग खापरीकडे, मग दारातल्या खापऱ्यांकडे. ती उठली, कोपऱ्यातली पाण्यानं भरलेली घागर उचलली आणि चुलीवर पालथी केली.

जो आवाज झाला तो गावानं शंभर वर्षांत ऐकला नव्हता. राख उसळली, घर वाफेनं भरलं, आणि त्या वाफेतून येसू ठकीची चिंधी सोडून, तिला काखेला मारून बाहेर पडली. माणसं बाजूला झाली, कारण अडवायचं कसं हे कुणाला सुचेना. ती सरळ चढण चढली आणि कातळावर गावाकडे तोंड करून बसली.

आधी नवरा वर गेला. उभा राहिला, डोकं खाजवलं, परत आला. मग पाटील गेले, बरोबर चार म्हातारे. पाऊस रपरपत होता.

"राग आलाय का गं, पोरी?" पाटलांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग रुसलीस?"

"न्हाई."

"मंग काय झालंय?"

"वैताग आलाय."

इथं गंगारामबाबा थांबले. हा शब्द, त्यांनी सांगितलं, तेव्हा बायकांचा नव्हता. तो पुरुषाचा शब्द होता. एखाद्या गड्याला प्रपंच नकोसा झाला की तो म्हणायचा, मला वैताग आला, आणि अंगावरच्या वस्त्रानिशी निघून जायचा. कुठल्या तरी मठात राहायचा, नाहीतर नदीकाठी. लोक त्याच्या पाया पडत, शिधा देत. मागे त्याची बायको-पोरं काय खातात, याची चौकशी कुणी करत नसे. वैताग म्हणजे मोठी गोष्ट, तिला कुणी नाव ठेवत नसे. बाईला राग यायचा, रुसवा यायचा, फार तर अंगात यायचं. वैताग बाईला येतो, हे त्या म्हाताऱ्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"बाईला वैताग नसतो," पाटील म्हणाले.

"मला आहे," येसू म्हणाली.

"वैताग आलेला माणूस घरदार सोडून जातो. तू तर हितंच बसलीस, घराकडं तोंड करून."

"मी का जाऊ? घर माझं, पोर माझी. जायचं असतं तर ओढा वलांडून कवाच गेली असती. मी जात न्हाई. मी बसलीया."

मग पाटलांनी आवाज चढवला. तो विस्तव देवाचा होता, म्हणाले, तू देवाचा विस्तव विझवलास, या पापाला प्रायश्चित्त नाही. येसूनं ठकीच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि शांतपणे सांगितलं, "देवाचा असंल तर विझला नसंल. अन माझा असंल तर मी विझवला. तुम्ही खाली जावा, भिजाल."

म्हातारे खाली आले. आता विस्तव आणायचा तो ओढ्यापलीकडच्या गावातून, आणि भरला ओढा ओलांडायचा म्हणून पुरुष निघाले. आजवर त्यांनी विस्तव घरात आलेला पाहिला होता. तो आणतात कसा, हे पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी दोघांनी लाकडाचे लालभडक निखारे मडक्यात घातले आणि पाऊस लागू नये म्हणून वर झाकण घट्ट बसवून कापडानं बांधलं. घरी येऊन उघडलं तर आत काळे कोळसे; श्वास कोंडून मेले होते. दुसऱ्या दिवशी झाकण ठेवलं नाही, आणि वारा लागावा म्हणून आळीपाळीनं फुंकत आले. निखारे वाटेतच जळून संपले, फुंकणाऱ्यांच्या मिशा तेवढ्या होरपळल्या. विस्तव न्यायचा तो शेणीचा, म्हणजे गोवरीचा, खाली राखेची गादी करून, वर राखेचंच पांघरूण घालून, तान्ह्या पोराला नेतात तसा. हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही, म्हणे, सांगितलं नाही.

येसू कातळावरून हे सगळं बघत होती. गाव भिजवलेले हरभरे आणि पाण्यात कालवलेलं पीठ खात होतं. पोरं रडत होती. हे ऐकून तिला काही वाटलं नसेल असं नाही. पण ती तीन दिवस त्या कातळावरून हलली नाही.

"तीन दिवस?" वृंदा म्हणाली. तिच्या लक्षात आलं, की रेवा पिलं सोडून ओट्याच्या पायरीवर येऊन बसली आहे. बघत नव्हती, पण कान इकडेच होते.

"तीन दिवस अन तीन रात्री," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी येसूची सासू घरातून निघाली. वाकलेली म्हातारी, हातात काठी, ओच्यात काहीतरी घट्ट धरलेलं. गावाला वाटलं, आता ही सुनेच्या झिंज्या धरून तिला खाली आणणार. चाळीस पावसाळे जिनं राखला, तिचाच विस्तव विझवला होता ना. माणसं अंगणात येऊन उभी राहिली. म्हातारी बसत, उठत, दम खात वर पोचली. येसूनं मान खाली घातली. गावाला ती घाबरली नव्हती, या एका बाईला घाबरली होती, असं सांगतात.

म्हातारीनं तिला काही विचारलं नाही. काठी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "सरक जरा."

येसू सरकली. म्हातारी शेजारी बसली, गावाकडे तोंड करून. चाळीस वर्षांत ती चूल सोडून ही चढण कधी चढली नव्हती. गाव वरून कसं दिसतं, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ बघत राहिली. "लहानच हाय की," एवढंच बोलली.

मग खालून कुणाची तरी बायको वर आली. सरक जरा. मग आणखी एक. पाटलीणबाई सगळ्यांत शेवटी आल्या, पण आल्या. दिवस कलताना कातळावर पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि मधल्या बायकांच्या लक्षात आलं की बुडाखालचा दगड गार नाही. पाऊस पडत होता आणि दगड कोरडा होता, तव्यासारखा निवत आलेला, पण ऊन. येसू ज्या जागी तीन दिवस बसली होती तिथं तर हात ठेववेना. म्हातारीनं ओच्यातून एक वाळकी शेणी काढली, तिथं ठेवली, वर वाकली आणि फुंकर घातली. चाळीस वर्षांची फुंकर होती ती. शेणीतून धूर निघाला.

विझवलेला विस्तव येसूच्या मागोमाग चढण चढून त्या कातळात येऊन बसला होता, असं म्हणतात. देवाचा होता म्हणून विझला नाही, की तिचा होता म्हणून तिच्याबरोबर गेला, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

तेव्हा खालून पाटलांनी विचारलं, "येसू, आता विस्तव देतीस का?" आणि तिनं सांगितलं, "देणार न्हाई. ज्यानंत्यानं वर यावं अन आपला आपण न्यावा. अन आपल्या घरी आपण राखावा. न्यायचा कसा, ते मातर आज सांगीन. एकदाच."

एकेक घरातला गडी खापर घेऊन वर गेला. येसूनं प्रत्येकाला राखेची गादी करून दाखवली. मिशा जळालेले दोघं पुढं होते. तेव्हापासून वेळूशेतात विस्तवाचं घर उरलं नाही, मानही उरला नाही. घरोघर चूल ज्याची तो राखू लागला. येसू त्यानंतर ठकीला घेऊन ओढ्यापलीकडे गेली, पंधरा दिवस राहिली आणि परत आली.

"अन वैताग?" वृंदानं विचारलं. आपण कधी बाबांच्या बोलीत बोलू लागलो, हे तिला कळलं नाही.

"तो ऱ्हायला की. त्याच्यासाठीच तर कातळ हाय." बाबांनी कप खाली ठेवला. "ज्याला यील त्यानं जाऊन बसायचं. बाई, गडी, कुनी बी. बसलेल्याला हाक मारायची न्हाई, कारण इचारायचं न्हाई. उतरल तवा उतरल. वर जायाचं तर आपल्याला बी वैताग आला असंल तरच जायाचं, अन 'सरक जरा' म्हनायचं. बास, येवढंच."

"पण बाबा, तो ज्याचा आला, त्याला वाईट नाही का वाटत? म्हणजे... आपण एखाद्या माणसाला म्हटलं, तुझा वैताग आलाय..."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या रेवाच्या पाठीकडे पाहिलं.

"आमच्यात ती शिवी न्हाई, ताई. वर्दी असती. पाऊस आला सांगतो तसं. फुला आज पहाटं म्हनली, तुमचा वैताग आलाय, मी चालली. मी म्हनलं, बरं. अन परक्याचा कुठं येतो वैताग. परक्याचा राग येतो. वैताग यायला मानूस दिसरात कुशीत असाय लागतं."

"बँकेचे फोन येतात दिवसाला दहा, त्यांचा येतो की."

"त्याला आमी कटकट म्हनतो."

वृंदा हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तो आवाज तिचा तिलाच जरा मोठा वाटला. मग ती म्हणाली की तिचं काही एवढं नाही, एकच मूल आहे, नवरा मदत करतो, मदतीला बाई आहे, गॅस लायटरनं पेटतो. येसूपुढे तिचा वैताग म्हणजे अगदीच चैनीचा.

"वैतागाचं माप कुनी मागितलं तुमाला?" बाबा म्हणाले. "बसायचं तर बसा. पोरगी हाय माझ्यापाशी."

ती गेली. जाताना दोनदा वळून पाहिलं. आपण चाललोय ते बरोबर की चूक, लेखात यावर काय लिहिलं असेल, रेवाला आता हेही लागेल का, असले सगळे विचार तिनं चढणीबरोबर वर नेले. कातळावर फुलाबाई मांडी घालून, हात गुडघ्यांवर टाकून बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. वृंदा उभी राहिली. 'सॉरी', 'चालेल का', 'मी थोडाच वेळ', असं बरंच काही तिच्या तोंडाशी आलं. ते तिनं एकेक करून गिळलं.

"सरक जरा," ती म्हणाली. आपल्या आजीच्या वयाच्या बाईला.

फुलाबाई सरकल्या.

दगड खरोखरच कोमट होता. उन्हानं असेल, काळ्या दगडाला ऊन धरून ठेवता येतं, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. पण आभाळ सकाळपासून भरलेलं होतं, हेही तिला दिसत होतं. खाली अंगणं दिसत होती. गंगारामबाबा ओट्यावरून आत गेले. डबा आपटल्याचा आवाज आला. फुलाबाईंच्या तोंडावरची एक रेघ हलली.

मग चढणीवर रेवा दिसली. एका चपलेचा पट्टा सुटलेला, ती फरफटत, हात टेकत, दम खात येत होती. वृंदाचा हात आपोआप पुढे गेला आणि तिनं तो मागे घेतला. बसलेल्या माणसानं बोलवायचं की नाही, हे बाबांनी सांगितलं नव्हतं. रेवा वर पोचली. कमरेवर हात ठेवून तिनं आईकडे पाहिलं. पाच दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं.

"सरक जरा," रेवा म्हणाली. "मला पण तुझा वैताग आलाय."

का आलाय, कधीपासून आलाय, मंगळवारपासून का, हे सगळं विचारायचं होतं तिला. पण कारण विचारायचं नव्हतं. "बरं," ती म्हणाली, आणि सरकली.

आजही वेळूशेतात सकाळी उठून एखादं माणूस घरातल्यांना वर्दी देतं आणि चढण चढू लागतं. खाली चहा फाटतो, भाकरी करपते, साखरेचा डबा सापडत नाही, आणि कुणी हाक मारत नाही. आजही त्या कातळावर मधोमध शेवाळ धरत नाही. पाऊस कितीही पडो, तेवढी जागा कोरडी आणि उबदार राहते. तिथं त्या दिवशी तिघी जणी गावाकडे तोंड करून बसल्या होत्या. रेवानं दोन्ही तळवे दगडावर पालथे ठेवले होते आणि ती कपाळाला आठ्या घालून कसला तरी फार मोठा विचार करत होती. वृंदा तिच्याकडे बघायचं टाळत होती. मग रेवानं तिची ओढणी ओढली.

"आई," ती म्हणाली, "ती येसू तीन दिवस शू कुठे करायची?"